विमा बदलला, विमा मोडला... तर कापायचे किती?



मागच्या महिन्यात सोसायटीतले आम्ही चौघंजण एका लग्नाला भोपाळला जाऊन आलो. तिथे दर्या नाही, पण गाव पाण्याचंच. संध्याकाळी बड्या तलावावर, शीतलदास की बगियाच्या घाटावर बसलो होतो. समोर होड्या, काठाला जाळी वाळत घातलेली. आपल्या बंदरावर बसल्यासारखंच वाटलं.

सोबत आमच्या गाववाल्याचा भाचा होता. पंधराएक वर्षं तो भोपाळला मासळी विकतो. छोटं दुकान, दोन डीप फ्रीजर. गप्पा मारता मारता म्हणाला, "मामा, तुम्ही लोकांना विमा काढा, विमा काढा म्हणून सांगता. पण विमा मोडायला गेलं की कंपनी पैसे कापते, ते कुणी सांगत नाही."

त्याची हकीकत अशी. चार-पाच वर्षांपूर्वी त्याने दुकान, फ्रीजर आणि माल यांचा वर्षाचा विमा काढला. हप्ता ६,००० रुपये. तीन महिन्यांनी मालकाने गाळा रिकामा करायला लावला. भाच्याने दोन गल्ल्या सोडून दुसरं दुकान घेतलं आणि एजंटला म्हणाला, पत्ता बदलून द्या. एजंट म्हणाला, त्यापेक्षा जुनी पॉलिसी रद्द करू, नवी काढू, सोपं पडेल. भाच्याने सही केली. त्याचा हिशोब साधा होता. तीन महिने वापरला, नऊ महिन्यांचे ४,५०० परत येतील. आले ३,६००. विचारलं तर पॉलिसीच्या मागचा तक्ता दाखवला. तीन महिन्यांपर्यंत ४० टक्के कंपनीचे.

"नऊशे रुपये खाल्ले मामा," तो म्हणाला.

पण गोष्ट तिथे संपत नाही. नवी पॉलिसी "उद्या काढू, परवा काढू" करत राहिली. अकराव्या रात्री नव्या दुकानात शॉर्ट सर्किट झालं. एक फ्रीजर जळाला, आतला रोहू-कटला गेला. चाळीस हजारांच्या वर नुकसान. त्या दिवशी त्याच्या नावावर एकही पॉलिसी नव्हती. जुनी मोडलेली, नवी काढायची होती. सूनबाईंनी मंगळसूत्र गहाण ठेवून दुसरा फ्रीजर आणला.

परतीच्या गाडीत आमच्यात वाद लागला. ते नऊशे रुपये कापणं बरोबर की चूक? दोघं म्हणाले लूट आहे. दोघं म्हणाले, तक्ता छापलेला होता, सही केली होती. शेवटी ठरलं की नीट बसून बघू आणि पेजवर लिहू. कारण हा प्रश्न एकट्या भाच्याचा नाही. आपल्यात बोट विकली जाते, इंजिन बदललं जातं, पिकअपचा मालक बदलतो. दर वेळी पॉलिसीला हात लागतोच.

कंपनी जास्त का कापते?

आधी कंपनीची बाजू. ती अगदीच खोटी नाही.

आपला धंदा सांभाळून विचार करा. बोटीला धोका वर्षभर सारखा असतो का? नारळी पौर्णिमेनंतर दर्या अजून पुरता शांत नसतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरला वादळं येतात. समजा एखाद्या नाखवाने ऑगस्टमध्ये विमा काढला, वादळाचे महिने काढले आणि जानेवारीत म्हणाला, द्या उरलेले पैसे. दिवसांच्या हिशोबाने त्याला अर्ध्याहून जास्त परत मिळतील. पण धोक्याच्या हिशोबाने त्याने बराचसा विमा वापरलेला आहे. तो भार मग वर्षभर हप्ता भरणाऱ्यांवर पडतो. आपल्या सोसायटीत कुणी हंगामात डिझेल-बर्फाची सवलत घेतली आणि वर्गणीच्या वेळी राजीनामा दिला, तर आपणही त्याला चार शब्द सुनावतोच की.

म्हणूनच तो "शॉर्ट पिरियड" तक्ता आला. २००२ च्या मोटार टॅरिफमध्ये तो असा होता: एक महिन्यापर्यंत २० टक्के, दोन महिन्यांपर्यंत ३०, तीनपर्यंत ४०, असं वाढत आठ महिन्यांपर्यंत ९० टक्के कंपनीचे. आठ महिने उलटले की सगळा हप्ता गेला.

हा विचार त्याहून जुना आहे, आणि तो जहाजांवरूनच आला आहे. १७७७ साली इंग्लंडमध्ये टायरी विरुद्ध फ्लेचर असा खटला झाला. जहाजाचा विमा बारा महिन्यांचा. दोनेक महिन्यांतच जहाज शत्रूने पकडलं. मालक म्हणाला, उरलेल्या महिन्यांचा हप्ता परत द्या. न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी नकार दिला. एकदा जोखीम सुरू झाली की हप्त्याचे तुकडे पडत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आपल्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यात हाच धागा आहे, पण सोबत एक वाटही आहे: हप्ता भागांत वाटता येण्यासारखा असेल आणि त्यातल्या एखाद्या भागाची जोखीम कंपनीने उचललीच नसेल, तर तेवढा हप्ता परत मागता येतो.

मग अन्याय कुठे?

आता आकडे बघू. समजा वर्षाचा हप्ता २४,००० रुपये आहे आणि क्लेम काही केलेला नाही.

तीन महिन्यांनी रद्द केला, तर दिवसांच्या हिशोबाने १८,००० परत. जुन्या तक्त्याने १४,४००. फरक ३,६००.

सहा महिन्यांनी रद्द केला, तर दिवसांच्या हिशोबाने १२,०००. तक्त्याने ७,२००. फरक ४,८००.

नऊ महिन्यांनी, दिवसांच्या हिशोबाने ६,०००. तक्त्याने शून्य.

धोका टाळून पळणाऱ्याला हा तक्ता ठीक आहे. पण भाचा पळाला नव्हता. त्याला गाळा सोडायला लावला होता आणि त्याला विमा हवाच होता. सगळ्यांना एकच काठी, इथे आम्हाला चूक दिसते. शिवाय फ्रीजरला वादळाचा हंगाम नसतो. बाराही महिने धोका सारखाच, मग तिथे जास्त कापायला कारण काय?

सरकारी योजनेतही तुकडे पडतातच. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचा वर्षाचा हप्ता ४३६ रुपये. पण सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये नाव घातलं तर ३४२, डिसेंबर ते फेब्रुवारीत २२८, मार्च ते मेमध्ये ११४. उशिरा येणाऱ्याला कमी लावता येतं, तर कारण असून लवकर जाणाऱ्याला हिशोबाने परत का नाही?

२०२४ ला काय बदललं

विमा नियामक आयआरडीएआयने ११ जून २०२४ ला सर्वसाधारण विम्यासाठी मास्टर सर्क्युलर काढलं. त्यातलं कामाचं एवढं:

सर्वसामान्य ग्राहक पॉलिसी कधीही रद्द करू शकतो, कारण द्यावं लागत नाही. पॉलिसी एक वर्षापर्यंतची असेल आणि क्लेम केलेला नसेल, तर उरलेल्या काळाचा हप्ता हिशोबाने परत द्यायचा. कंपनीला मात्र स्वतःहून रद्द करायचं असेल तर फसवणूक सिद्ध झालेली हवी आणि किमान ७ दिवसांची नोटीस हवी.

म्हणजे भाच्याचे नऊशे रुपये आज कापले गेले असते, तर त्याला भांडायला आधार होता. क्लेम घेतला असेल तर परतावा नाही, हे आम्हाला रास्त वाटतं. जाळं भरून मासळी घेतली आणि मग जाळ्याचं भाडं परत मागितलं, असं होत नाही. मोठ्या बोटीची पॉलिसी यात सर्वसामान्य ग्राहक म्हणून धरली आहे की धंद्याची म्हणून, ते कंपनीकडून लेखी घ्या.

आयुर्विम्याचंही ऐका. नवी पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवस "फ्री लूक"चे असतात. पटली नाही तर परत करा. तेवढ्या दिवसांची जोखीम, वैद्यकीय तपासणी आणि स्टॅम्प ड्युटी कापून बाकी पैसे मिळतात. पूर्वी एका वर्षात पॉलिसी सोडली की भरलेलं सगळं बुडायचं. १ ऑक्टोबर २०२४ पासून पूर्ण एक वर्षाचा हप्ता भरला असेल तर पहिल्या वर्षानंतरही काही सरेंडर रक्कम मिळण्याची सोय झाली आहे. भरलेलं सगळं परत येतं असं मात्र समजू नका.

बोटवाल्यांनी हे खास बघा

बोटीच्या विम्याला अनेकदा १९८३ ची "इन्स्टिट्यूट टाइम क्लॉजेस" नावाची कलमं जोडलेली असतात. आपली पॉलिसी काढून बघा, ती आहेत का. असतील तर तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, दोन्ही बाजूंच्या संमतीने रद्द केलं तर जे महिने सुरूच झाले नाहीत त्यांचा हप्ता परत मिळतो.

दोन, बोट सलग ३० दिवस बंदरात लावून ठेवली असेल तर "ले-अप"चा परतावा असतो. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै बंदी. मध्य प्रदेशात तलाव-धरणांवर १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद. दोन महिने बोट वर ओढलेली असते आणि आपण हप्ता पूर्ण वर्षाचा भरतो. हा परतावा पॉलिसीत किती टक्के लिहिलाय, की लिहिलेलाच नाही, हे विमा काढतानाच विचारा. नंतर विचारून काही मिळत नाही. कंपनी म्हणते धोका वर्षभर सारखा नसतो. मग बंदीच्या दोन महिन्यांतही तो सारखा नसतो, हे तिने मानायला हवं.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. बोट विकली की त्या कलमांनुसार विमा आपोआप संपतो, कंपनीने लेखी मान्यता दिली नसेल तर. गाडीचं वेगळं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ ने गाडीसोबत विमा नव्या मालकाकडे गेला असं धरतात, आणि त्याने १४ दिवसांत कंपनीला कळवायचं असतं. बोटीला हे लागू नाही. "विम्यासकट बोट घेतली" म्हणणाऱ्या खरेदीदाराच्या हातात नुसता कागद असू शकतो.

वापर बदलला तरी कळवा. भोपाळला छोट्या तलावावर, खटलापुरा घाटाजवळ, १३ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे विसर्जनाला गणपतीची मूर्ती घेऊन गेलेली बोट उलटली आणि ११ जण बुडाले. भाच्याने लांबून तो घाट दाखवला, जास्त बोलला नाही. आपल्याकडेही विसर्जनाला, जत्रेला मासेमारीच्या होडीत माणसं बसवतात. विमा मासेमारीचा आणि होडीत वऱ्हाड, तर कंपनी हात वर करू शकते. त्या दिवसापुरता बदल करून घ्यायला शे-दोनशे पडले, तर ते शुल्क आम्ही आनंदाने भरू. पण जीवरक्षक जॅकेट आधी.

आमचं मत

भोपाळहून येताना सुरू झालेला वाद असा मिटला.

बदलाचं शुल्क रास्त आहे, पण तीन अटींवर. ते आधी छापलेलं असावं. कामाच्या खर्चाएवढंच असावं. आणि नावाची, इंजिन नंबरची चूक कंपनीची किंवा एजंटची असेल तर दुरुस्तीला एक पैसा घेऊ नये.

रद्द करताना दिवसांचा हिशोब आणि वर थोडा ठरलेला खर्च, एवढंच न्याय्य. जिथे धोका खरोखर हंगामी आहे तिथे कंपनीने हप्ताच हंगामाप्रमाणे लावावा. जाताना दंड लावणं हा उपाय नव्हे. आणि पॉलिसी रद्द करण्याचा सल्ला देणाऱ्या एजंटला नव्या पॉलिसीवर पुन्हा कमिशन मिळणार असेल, तर तसं त्याने ग्राहकाला सांगायला हवं. भाच्याचं काम पत्ता बदलून झालं असतं.

आपल्यासाठी नियम एकच: नवी पॉलिसी हातात आल्याशिवाय जुनी मोडू नका. भाच्याचे कापले गेले नऊशे, बुडाले चाळीस हजार.

पैसे चुकीचे कापले असं वाटलं, तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या आणि पोच घ्या. आयआरडीएआयचा फोन १५५२५५. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचं प्रकरण चालतं. मध्य प्रदेश-छत्तीसगडचं कार्यालय भोपाळलाच आहे. महाराष्ट्रासाठी मुंबई आणि पुण्याला आहेत.

एक शेवटचं. मत्स्य संपदा योजनेतल्या सामूहिक अपघात विम्यात आपल्याकडून हप्ता घेत नाहीत. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, अंशतः कायम अपंगत्वाला अडीच लाख, दवाखान्याला २५,००० पर्यंत. इथे कापायला कुणी बसलेलं नाही. पण नाव आधारशी जुळत नसेल, वारसाचं नाव जुनं असेल, तर घरच्यांना चकरा पडतात. या रविवारी घरातल्या सगळ्या पॉलिसी एका पिशवीत घालून सोसायटीत घेऊन या. चष्मा ज्याचा आहे त्याने आणावा. बसून वाचू.