कापसाचा भाव आणि पैशाचा भाव

तापी-गिरणेच्या खोऱ्यातील काळ्याभोर जमिनीत कपाशी पेरणाऱ्या खान्देशी कुणब्याने अमेरिकेचे नावही ज्या काळी क्वचितच ऐकले असेल, त्या काळी, म्हणजे १८६१ च्या एप्रिलात, त्या देशाच्या उत्तर व दक्षिण विभागांत यादवी युद्ध पेटले, आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी करताच जळगावच्या पेठेचे भाग्य पालटले. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक माल याच दक्षिणी संस्थानांतून जात असे. तो थांबल्यावर लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली, मुंबईच्या आडत्यांचे तगादे सुरू झाले, आणि एरवी आखूड धाग्याचा म्हणून नाक मुरडून घेतला जाणारा आमचा कापूस हातोहात खपू लागला. या मालाच्या मोबदल्यात विलायतेहून जहाजे भरभरून चांदी आली, कारण हिंदुस्थानचे चलनच त्या वेळी चांदीचे होते. त्या तीन-चार वर्षांत जळगाव कापसाची मातबर पेठ बनले.

१८६५ च्या जानेवारीत थळ घाटातील लोहमार्ग खुला झाला, तेव्हा कापसाला मुंबईची वाट सुकर झाली असे वाटले असेल. पण त्याच वर्षीच्या एप्रिलात दक्षिणेचा सेनापती ली शरण गेला, आणि लिव्हरपूलचा भाव कोसळला. मुंबईत प्रेमचंद रायचंदांसारख्या सटोडियांनी कापसाच्या पैशावर उभारलेला भागभांडवलाचा डोलारा १ जुलैच्या वायदेपूर्तीच्या दिवशी ढासळला, आणि पुढे १८६८ साली खुद्द बँक ऑफ बॉम्बेचे दिवाळे निघाले. जळगावच्या पेठेलाही या मंदीचा जबर तडाखा बसला. मुंबईच्या शेटियांच्या नादारीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र कुणब्याचीच हकीकत अधिक महत्त्वाची वाटते. भाव उतरले, परंतु चढत्या भावाच्या भरवशावर सावकाराला लिहून दिलेल्या दस्तऐवजांतील रकमा उतरल्या नाहीत.

इथवर गोष्ट कापसाच्या भावाची झाली. पैशालाही भाव असतो, आणि तो शेतकऱ्याला कोणी समजावून सांगत नाही, ही माझी जुनी खंत आहे. १८७० नंतर जर्मनीसह युरोपातील राष्ट्रांनी चांदी टाकून सोन्याचे चलन स्वीकारले, चांदी स्वस्त झाली, आणि दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया १८९२ च्या सुमारास सव्वा शिलिंगावर आला. सरकारने १८९३ साली टांकसाळी खाजगी चांदीला बंद करून ही घसरण रोखण्याचा उपाय योजला. पुढे १९२७ साली कायद्याने रुपयाचा दर दीड शिलिंग, म्हणजे १८ पेन्स, ठरविला. हा दर सुचविणाऱ्या हिल्टन यंग आयोगाचे सभासद आणि कापसाचे बडे व्यापारी सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी १६ पेन्सच्या जुन्या दराचा आग्रह धरून भिन्नमतपत्रिका जोडली होती, पण तिचा उपयोग झाला नाही. दोन पेन्सचा हा वाद क्षुल्लक वाटेल. तथापि लिव्हरपुलात १४४ पेन्सना विकल्या जाणाऱ्या मालाचे १६ च्या दराने ९ रुपये होतात आणि १८ च्या दराने ८, आणि सरकारचा सारा व सावकाराचे व्याज मात्र रुपयांतच ठरलेले असते, हे ध्यानात घेतले म्हणजे नववा रुपया कोणाच्या घरातून गेला ते उमगते.

त्यावर १९२९ ची जागतिक मंदी कोसळली. १९३१ च्या सप्टेंबरात इंग्लंडने सुवर्णचलन सोडले, पौंडाशी जखडलेला रुपयाही त्याच्याबरोबर घसरला, आणि १९२७ च्या कायद्याने २१ रुपये ३ आणे १० पै ठरलेला सोन्याचा तोळ्याचा दर पुढील काही वर्षांत तीस रुपयांपलीकडे गेला. कापूस मातीमोल आणि सोने महाग, अशा विपरीत परिस्थितीत देशभरच्या शेतकऱ्यांनी बायकामुलींच्या अंगावरचे डागिने सराफांकडे नेले, व ते सोने वितळून लंडनच्या वाटेला लागले. १९३६ च्या डिसेंबरात याच खान्देशातील फैजपूरला, प्रथमच एका खेड्यात, काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि तेथे साराकपात व कर्जनिवारण यांचा कृषिकार्यक्रम संमत झाला, त्यामागे ही मंदी होती.

आज लिव्हरपूलची जागा न्यूयॉर्कने घेतली आहे. तेथे पौंडभर वजनामागे सेंटमध्ये ठरणारा वायद्याचा भाव डॉलरच्या दराने रुपयांत येतो, ३५६ किलोच्या खंडीवर बसतो, आणि जिनिंगवाल्याकडून उलट वाटेने शेतकऱ्यापर्यंत पोचतो. सरकीचा भाव मात्र तेल-पेंडीबरोबर, म्हणून दूरच्या मलेशियातील पामतेलाबरोबरही, हलतो. २०२२ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा भाव दीडशे सेंटपार गेला, खंडीने लाखाचा आकडा ओलांडला, आणि शेतकऱ्याला क्विंटलमागे दहा हजारांहून अधिक मिळाले. तीच तेजी परत येईल म्हणून पुढच्या हंगामात खान्देशात कित्येकांनी कापूस घरातच साठवला. ती आली नाही.

जळगावच्या सराफ बाजारातील सोन्याचा भाव मात्र लंडनचा डॉलरमधील दर, रुपयाची किंमत आणि दिल्लीची जकात या तिन्हींनी मिळून ठरतो. २०२४ च्या जुलैत ही जकात १५ टक्क्यांवरून ६ वर आली, तरीही जगभरच्या मध्यवर्ती बँकांची खरेदी आणि युद्धांची धास्ती यांमुळे २०२५ च्या एप्रिलात दहा ग्रॅमचा भाव लाखाला भिडला. त्याच वर्षी ऑगस्टात, अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लादले असताना, सरकारने कापडगिरण्यांसाठी परदेशी कापसावरील ११ टक्के जकात तात्पुरती उठवली. रुपया घसरला की बाहेरचा कापूस महाग होऊन इथल्या शेतकऱ्याला जो आडोसा मिळतो, तो या निर्णयाने बराचसा गेला. २०२२ च्या उन्हाळ्यात मुलीच्या लग्नासाठी दहा ग्रॅम सोने घ्यायला सुमारे पाच क्विंटल कापूस पुरत होता. २०२५ मध्ये लांब धाग्याला ८११० रुपयांचा पुरा हमीभाव पदरात पडला तरी त्याच सोन्यासाठी बारा क्विंटलांहून अधिक कापूस घालावा लागत होता.