सलाईन म्हणजे जेवण नव्हे

मुलगा तापाने गळून गेला की पालक हमखास म्हणतात, "डॉक्टर, एक सलाईन लावा, ताकद येईल." अर्धा लिटर साध्या सलाईनमध्ये 4.5 ग्रॅम मीठ असते आणि ऊर्जा शून्य. पाच टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत 25 ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम एका पोळीची ऊर्जा. शरीरातले पाणी भरून काढायला बाटली उत्तम, पण पोट भरायला नाही.

आतडे निकामी झालेल्या रुग्णाला मात्र खरोखरच शिरेवाटे जेवू घालावे लागते. त्या पिशवीत ग्लुकोज, अमिनो आम्ले, स्निग्धांश, जीवनसत्त्वे आणि खनिजे असतात. आपण वरण-भात-भाजी खातो तेव्हा जस्त, तांबे, सेलेनियम नकळत पोटात जातात. शिरेत मात्र जे घालू तेवढेच मिळते.

टोरांटोत डॉ. खुर्शीद जीजीभॉय आणि सहकाऱ्यांनी 1977 मध्ये अशा एका महिलेची हकीकत प्रसिद्ध केली. साडेतीन वर्षे शिरेवाटे पोषण घेतल्यावर तिचे वजन उतरले, नसा बिघडल्या, रक्तातली साखर आवरेना. रोज 45 युनिट इन्सुलिन द्यावे लागे. पिशवीत क्रोमियम कमी पडत होते. रोज 250 मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा चार हजारावा भाग, क्रोमियम दोन आठवडे दिले आणि इन्सुलिनची गरज उरली नाही!

आपल्या अधारतालच्या कृषी विद्यापीठातल्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल. भाताला कितीही युरिया द्या, जमिनीत जस्त नसेल तर पान तांबूस पडते. तो 'खैरा' रोग जस्ताअभावी होतो, हे डॉ. यशवंत नेने यांनी 1966 मध्ये पंतनगरला दाखवले.

सैनिकी विद्यार्थ्यांनी याहून मोठा धोका लक्षात ठेवावा. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेले काही उपाशी युद्धकैदी पोटभर अन्न मिळाल्यावर दगावले. दीर्घ उपासानंतर एकदम साखर मिळाली की इन्सुलिन वाढते. ते साखरेबरोबर फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही पेशींत ओढते. रक्तातला साठा आटतो, हृदयाचे ठोके चुकतात, श्वासाचे स्नायू थकतात. अन्न तोंडाने दिले काय किंवा शिरेवाटे, घडते तेच. शिरेवाटे वेग हाताबाहेर जायला वेळ लागत नाही, इतकेच.

म्हणून अशा रुग्णाला आधी थायमिन देतात. मग वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे 10 किलोकॅलरी, फारच खंगलेला असेल तर 5, अशी सुरुवात करून काही दिवसांत हळूहळू वाढवतात. सुरुवातीला फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम रोज तपासतात.