सगळ्या विषांवर एकच उतारा? फक्त गोष्टीत!

‘हॅरी पॉटर’च्या सहाव्या पुस्तकात विषबाधा झालेल्या रॉनला हॅरी ‘बेझोआर’ देऊन वाचवतो. बेझोआर म्हणजे बकरीच्या पोटात तयार होणारा खडा. सोळाव्या शतकात युरोपातील श्रीमंत तो विषावरचा रामबाण उतारा म्हणून खरोखरच बाळगत. फ्रेंच शल्यविशारद आंब्रवाझ पारे यांनी देहदंडाच्या कैद्याला विषानंतर बेझोआर देऊन पाहिला; कैदी दगावला.

आजही असा एकच उतारा नाही. जसे विष, तसे औषध. पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेवर ॲसिटिलसिस्टीन, तर ऑर्गेनोफॉस्फरस कीटकनाशकांवर ॲट्रोपिन देतात. हे ॲट्रोपिनही बेलाडोना या विषारी वनस्पतीत सापडते! म्हणूनच विषबाधा झाल्यास मीठपाणी पाजून उलटी करवू नका. पोटात गेलेल्या पदार्थाची बाटली किंवा पाकीट घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठा. डॉक्टरांना नेमका उतारा त्यावरूनच ठरवता येतो.