जुने बँड, नवी गाणी

आमच्या हॉस्टेलवर रॉक ऐकणारी मंडळी थोडी, पण वाद घालायला दांडगी. त्यातला एक ठरलेला वाद असा, की साठी-सत्तरी गाठलेल्या बँडने नवा अल्बम काढावा, की गपगुमान जुनी गाणी वाजवत फिरावं? बहुमत दुसऱ्या बाजूला असतं. आयर्न मेडनचं खरं काम ऐंशीच्या दशकातच आटोपलं, पुढची सगळी रिकामी उठाठेव, असं एखाद्या सिनियरने जाहीर केलं की खोलीतले सगळे माना डोलावतात. मला काही हे पटत नाही.

अडचण खरी आहे, हे मात्र मान्य. मेडन १९७५ साली लंडनच्या पूर्व भागात सुरू झाला आणि त्यांचा पहिला अल्बम आला १९८० मध्ये. म्हणजे त्यातली बरीच गाणी पबमधल्या पब्लिकसमोर वाजवून वाजवून घासूनपुसून निघाली होती. जे जमलं नाही ते आपोआप गळलं. पुढच्या अल्बमांना ही चैन नसते. स्टुडिओ बुक झालेला, टूरच्या तारखा लागलेल्या, म्हणजे थोडक्यात आपलं सबमिशनच की! त्यात वय वाढतं तसा गळा वरच्या पट्टीत पूर्वीसारखा चालत नाही.

आणि पैसा? तो आता तिकिटांत आहे, अल्बममध्ये नाही. तिकीट काढणाऱ्याला ऐकायची असतात जुनीच गाणी. नवं गाणं सुरू झालं की तो खायला-प्यायला बाहेर पडतो. रोलिंग स्टोन्सने २००५ नंतर स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम काढला तो थेट २०२३ मध्ये. मधली १८ वर्षं त्यांचं काही अडलं नाही, स्टेडियमं भरतच होती. म्हणजे म्हाताऱ्या बँडने नवं गाणं करावं अशी गरज कुणालाच नाही, हिशेबालाही नाही. म्हणून तर जो बँड तरीही करतो, त्याच्याकडे मी जरा लक्ष देऊन बघतो.

मेडनने २००६ मध्ये काय केलं बघा. नवा अल्बम आला आणि टूरवर त्यांनी तो अख्खा, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत वाजवला. सव्वा तासाच्या आसपास सगळा नवा माल! बरेच चाहते वैतागले. पण बँडला स्वतःच्या नव्या गाण्यांची खात्री आहे की नाही, हे ओळखायला याहून सोपी टेस्ट मला तरी माहीत नाही.

माझा खरा मुद्दा मात्र २०१५ च्या ‘द बुक ऑफ सोल्स’ मधल्या शेवटच्या गाण्यात आहे. ‘एम्पायर ऑफ द क्लाउड्स’, १८ मिनिटं. विषय काय, तर आर-१०१ नावाचं ब्रिटिश हवाई जहाज. हायड्रोजन भरलेलं हे धूड ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी इंग्लंडहून निघालं, जायचं होतं कराचीला, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानात. वजन जास्त झालं म्हणून मधोमध कापून त्याची लांबी वाढवली होती, आणि त्यानंतर पुरेशा चाचण्या न घेताच ते सोडलं. त्याच रात्री फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ ते जमिनीवर आदळून पेटलं. ५४ पैकी ४८ माणसं गेली. त्यांत घाई करणारा हवाई खात्याचा मंत्रीही होता. (मेकॅनिकलवाल्यांनी ही केस जरूर वाचावी. डेडलाइन आणि टेस्टिंग यांचं भांडण आपल्या प्रोजेक्टपुरतं नसतं.)

हे गाणं लिहिलं गायक ब्रूस डिकिन्सनने. हा माणूस स्वतः प्रवासी विमानांचा पायलट. १ फेब्रुवारी २००८ ला मेडन मुंबईत वाजवून गेला, त्या दौऱ्यात बँडचं बोइंग ७५७ हाच चालवत होता. १९८४ साली मेडनने पावणेचौदा मिनिटांचं गाणं केलं होतं, पण त्याची गोष्ट कोलरिजच्या कवितेतून आयती मिळाली होती. इथे मात्र विमान हाताळलेला पन्नाशी ओलांडलेला माणूस पियानोवर बसून उड्डाणाची गोष्ट सांगतो, आणि पहिली काही मिनिटं आवाज चढवतसुद्धा नाही. विशीतल्या पोराला हा धीर निघाला नसता. रेकॉर्डिंगच्या वेळी त्याच्या जिभेच्या मुळाशी कॅन्सरची गाठ होती. निदान नंतर झालं. पुढे तो बरा होऊन पुन्हा गायला लागला.

सगळंच असं सोन्यासारखं नाही, बरं का. २०२१ च्या ‘सेनजुत्सु’ मध्ये शेवटची तिन्ही गाणी दहा-दहा मिनिटांच्या वर आहेत. त्यांतलं ‘हेल ऑन अर्थ’ मला फार आवडतं, पण बाकीच्या दोघांना कुणीतरी कात्री लावायला हवी होती. मेटॅलिकाचा २००३ चा ‘सेंट अँगर’ तर मीही सोडवू शकत नाही. त्यातला ड्रम मेसमध्ये ताट पडल्यासारखा वाजतो.

पण मेटॅलिकाचाच २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’ घ्या. गाणी दमदार, तरी ऐकताना डोकं दुखतं. कारण निव्वळ तांत्रिक. डिजिटल आवाजाला वर एक छत असतं. गाणं मोठं वाटावं म्हणून हळू भाग वर ओढतात आणि टोकं दाबतात. तरी हाव सुटली नाही तर तरंगांची टोकं सपाट कापली जातात. तेच क्लिपिंग. गंमत म्हणजे ‘गिटार हीरो’ या गेमला या गाण्यांचे ट्रॅक ही दाबादाबी होण्याआधी मिळाले होते, त्यामुळे गेममधला आवाज सीडीपेक्षा मोकळा होता. दोन्हींचे वेव्हफॉर्म शेजारी ठेवून बघा, सीडीचा जवळजवळ आयत दिसतो! ‘बँड संपला’ म्हणणाऱ्यांनी इथे गाणी लिहिणाऱ्यांना दोष दिला, चूक होती आवाजाची पातळी ठरवणाऱ्यांची.

शिवाय आपण ऐकतो तरी कसं? जुनं गाणं शाळेपासून हजारदा ऐकलेलं. नवं मात्र एकदा, तेही इअरफोन एका कानात आणि दुसऱ्या कानात रूममेटची बडबड. मग तुलना करून मोकळे!

२०२३ च्या टूरवर मेडनने १९८६ च्या आणि २०२१ च्या अल्बममधली पाच-पाच गाणी शेजारीशेजारी वाजवली. २०२५ मध्ये पन्नाशी साजरी करायला निघाले तेव्हा मात्र १९९२ नंतरचं एकही गाणं घेतलं नाही, आणि आमचा सिनियर खूश झाला. मी त्याला १८ मिनिटांचं ते गाणं पाठवलंय. अजून सातव्या मिनिटापर्यंतच पोचलाय, पण परवा आर-१०१ ला भोक नक्की कुठे पडलं होतं, असं विचारत होता.