मळणी यंत्रावर जाताना हात सांभाळा

दसऱ्यानंतर सोयाबीन, पुढे तूर, मग हरभरा आणि गहू. ट्रॅक्टरमागे मळणी यंत्र जोडून टोळी गावोगाव फिरते. आपल्या वस्तीतले किती तरी जण या टोळीत असतात. मजुरी पोत्यामागे, म्हणून घाई असते. रात्री दिव्याच्या उजेडात, डोळ्यांवर झोप असतानाही काम चालते. हात यंत्रात जातो तो बहुधा अशाच वेळी.

घास टाकण्याचे तोंड आखूड असले की हात थेट फिरणाऱ्या दात्यांपर्यंत पोचतो. सुरक्षित यंत्राचे तोंड कमीत कमी 90 सेंमी लांब असते आणि आतल्या बाजूचे निम्मे वरून झाकलेले असते. एवढ्या लांबीत हात दात्यांपर्यंत पोचत नाही. कामाला लागण्याआधी वितीने मोजून पाहा. झाकण काढून टाकले असेल तर ते बसवल्याशिवाय घास टाकू नका.

घास टाकणाऱ्याने कडे, मनगटातला दोरा, सैल बाह्या टाळाव्यात. बायांनी पदर खोचावा, केस बांधावेत. ट्रॅक्टरपासून यंत्राकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्याजवळून जाऊ नये. पदर आधी तिथेच गुंडाळला जातो. अडकलेला पाला हाताने ओढू नका, आधी ट्रॅक्टर बंद करा. घास टाकणारा तासा-दोन तासांनी बदला. दारू प्यायलेल्याला यंत्राजवळ येऊ देऊ नका. धुळीसाठी नाका-तोंडावर सुती फडके घट्ट बांधा, त्याची टोके मात्र लोंबू देऊ नका.

एवढे करूनही हात सापडलाच तर आधी यंत्र थांबवा. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात छातीपेक्षा उंच ठेवा आणि 108 ला फोन करा. हळद, चुना, तंबाखू, डिझेल काहीही लावू नका. बोट तुटले असेल तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोटाला थेट बर्फ लागू देऊ नका. ते रुग्णासोबतच न्या. वेळेत पोचल्यास काही वेळा जोडता येते. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायला विसरू नका.

दवाखान्यात 'पडून लागले' असे सांगायला मालक सुचवील. आपण खरे तेच लिहून घ्यायचे: मळणी यंत्रात हात सापडला. ट्रॅक्टरचा नंबर, मालकाचे नाव, सोबत्यांची नावे टिपून ठेवा, कागद जपा. धोकादायक यंत्रांसाठी 1983 चा केंद्रीय कायदा आहे आणि त्यात जखमी मजुराला भरपाईची तरतूद आहे. पण कागदावर 'पडून लागले' राहिले तर ती मागायची कशाच्या जोरावर?

चार पोती कमी झाली तर उद्या भरून काढता येतील. गेलेला हात कुठून आणणार? टोळी निघण्याआधी हे पान घरात एकदा मोठ्याने वाचा.