गाळाची बेटे

लासलगावचे नाव काढले की कांद्याने भरलेल्या गाड्यांच्या लांबच लांब रांगा डोळ्यांसमोर उभ्या राहतात. परंतु ज्या निफाड तालुक्यात हे गाव वसले आहे, त्याच तालुक्यात आणखी एक मोठा मेळा दरवर्षी भरतो. त्याला कोणी दवंडी पिटत नाही, कोणी आमंत्रण धाडत नाही. तरीही हजारो पाहुणे ठरलेल्या ऋतूत तेथे येऊन उतरतात. हा मेळा म्हणजे नांदूरमध्यमेश्वरच्या जलाशयावरील पक्ष्यांचा मेळा होय.

लासलगावहून निफाडमार्गे दक्षिणेकडे जाताना दुतर्फा कांद्याची शेते आणि द्राक्षांचे मळे लागतात. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा प्रदेश मूळचा कमी पावसाचा. येथील शेतीला पाणी मिळावे म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाजवळ बंधारा बांधण्यात आला व त्यातून कालवे काढण्यात आले. बंधारा बांधणाऱ्यांच्या मनात पिकांचा विचार होता, पाखरांचा नव्हता.

पुढे मात्र नदीने आपले काम सुरू केले. पावसाळ्यात डोंगरउतारांवरची आणि शेतांतली माती पुराबरोबर वाहून येते. वाहत्या पाण्याच्या अंगी ती माती पुढे नेण्याचे बळ असते. पण बंधाऱ्यापाशी पाणी संथ झाले की ते बळ सरते आणि माती तळाशी बसते. वर्षामागून वर्षे असा गाळ साचत गेला. कोठे उथळ पाणथळी झाल्या, तर कोठे गाळाचे उंचवटे पाण्याबाहेर डोकावू लागले. त्यांवर गवत व लव्हाळे रुजले, पुढे बाभळी वाढल्या. अशा रीतीने या जलाशयात लहान लहान बेटे तयार झाली. जलाशयाची पाणी साठवण्याची शक्ती गाळामुळे घटली, हे शेतीचे नुकसान खरेच. परंतु त्याच गाळाने पक्ष्यांना घर दिले.

हे घर पक्ष्यांना इतके का मानवते, हे समजण्यासाठी त्यांच्या चोची आणि पाय पाहावेत. बेटाच्या काठी पाणी वीतभर असते. तेथे आपल्या लांब गुलाबी पायांवर शेकाट्या तोल सावरीत किडे टिपतो. त्याच्या पुढे गुडघाभर पाण्यात चमचा नावाचा पक्षी आपली चपटी चोच डावीकडून उजवीकडे फिरवीत जातो. थापट्या बदक रुंद चोचीने पाण्याचा पृष्ठभाग गाळून घेते. तलवार बदक डोके पाण्यात आणि शेपटी आकाशाकडे करून तळातील बिया शोधते. त्याहून खोल पाण्यात पाणकावळा बुडी मारून मासे पकडतो आणि मग पंख पसरून उन्हात वाळवीत बसतो. एकच तळे, पण प्रत्येकाचे ताट निराळे! पाण्याची खोली जागोजागी बदलते, म्हणूनच इतक्या जातींचे पक्षी एकमेकांच्या घासाला धक्का न लावता एकत्र नांदू शकतात. दोनशेहून अधिक जातींचे पक्षी येथे आढळले आहेत.

यांतील काही येथले कायमचे रहिवासी. चोचीवर पिवळा व तांबडा रंग मिरवणारे हळदीकुंकू बदक आणि वेलींमधून डौलाने पावले टाकणारी जांभळी पाणकोंबडी ही त्यांपैकीच. काळ्या अंगाच्या आणि कपाळावर पांढरा ठिपका असणाऱ्या पक्ष्याला तर लोकांनी वारकरी असे समर्पक नाव दिले आहे. परंतु हिवाळ्यातील खरी शोभा दूरच्या पाहुण्यांची. निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. तेथे सकाळी घरोघर शेकोट्या पेटतात. पण तिबेट आणि मध्य आशियातील तळी जेव्हा गोठून जातात, तेव्हा तेथून आलेल्या पक्ष्यांना हीच थंडी ऊबदार वाटते.

संस्कृत कवींनी ज्याच्या विरहाची वर्णने केली, तो नारिंगी रंगाचा चक्रवाक या पाहुण्यांपैकी एक आहे. चक्रवाकांच्या पाठीवर लहान यंत्रे बसवून शास्त्रज्ञांनी त्यांच्या प्रवासाचा माग काढला, तेव्हा हिमालयाच्या बाजूने जाताना हा पक्षी सुमारे ६८०० मीटर उंची गाठतो असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या विरळ हवेत माणसाला चार पावले टाकणे जड जाते, तेथे हा पक्षी पंख मारीत असतो.

सुट्टीचे दोन दिवस हाताशी असले, तरी या मेळ्याचे चांगले दर्शन घडते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यासाठी उत्तम. चापडगाव आणि खाणगाव थडी येथे निरीक्षणासाठी मनोरे आहेत. सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरावी, म्हणजे पक्ष्यांचे रंग स्पष्ट दिसतात. भडक कपडे टाळावेत, बोलणे हळू असावे. दुर्बीण असल्यास उत्तम. नसल्यास नुसत्या डोळ्यांनीही आकार, चाल आणि उडण्याची तऱ्हा ओळखता येते. पाहिलेल्या पक्ष्याचे नाव ठाऊक नसेल, तर त्याची चोच, पाय, रंग आणि तो काय करीत होता हे वहीत टिपून ठेवावे. नाव मागाहून सापडते. निसटलेला क्षण मात्र सापडत नाही.

एक मोह मात्र कटाक्षाने टाळला पाहिजे. तो म्हणजे बेटावर पाऊल ठेवण्याचा. बेटाभोवतीचे पाणी हाच पक्ष्यांचा कोट आहे. टिटवी, शेकाट्या आणि नदी सुरय हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. ती अंडी मातीच्या आणि खड्यांच्या रंगाची असल्याने पायाखाली आली तरी दिसत नाहीत. उन्हाळ्यात कालव्यांतून शेतीला पाणी सोडले जाते, तेव्हा जलाशयाची पातळी उतरते आणि काही बेटे काठाला येऊन मिळतात. मग तेथे कुत्री, गुरे आणि माणसे सहज पोहोचतात. पाण्यावर पसरणारी जलपर्णी हे दुसरे संकट. तिच्या दाट जाळीखाली उघडे पाणीच नाहीसे होते. शेतकऱ्याला पाणी हवे आणि पक्ष्यालाही पाणी हवे. दोघांची गरज खरी आहे, म्हणून त्यांतून मार्ग काढणे हे शहाणपणाचे आणि अवघड काम आहे.

त्या दृष्टीने पावलेही टाकली गेली आहेत. १९८६ मध्ये हा परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला. इराणमधील रामसर या गावी १९७१ मध्ये पाणथळ जागांच्या रक्षणासाठी देशोदेशींचा करार झाला होता. त्या कराराच्या यादीत स्थान मिळवणारी महाराष्ट्रातील पहिली जागा म्हणून २०२० मध्ये नांदूरमध्यमेश्वरचे नाव जाहीर झाले.

यादीत नाव आले, तरी रक्षणाची रोजची जबाबदारी काठावर राहणाऱ्यांवर आणि काठावर येणाऱ्यांवरच असते. मार्च सरता सरता दूरचे पाहुणे उत्तरेकडे परततात. पुढच्या हिवाळ्यात ते पुन्हा येतील ते एवढ्याच विश्वासाने, की बेट जागेवर असेल आणि त्याभोवती पाणी असेल. माणसाने नकळत उभारलेले हे घर आता त्याने जाणूनबुजून राखायचे आहे.