नशामुक्ती गावाच्या हाती

कॅनडात सरकार आणि चर्च यांनी चालवलेल्या निवासी शाळांत दीड लाखांवर आदिवासी मुलं आईबापांपासून तोडून ठेवली गेली. मातृभाषा बोलली तरी शिक्षा होई. ही मुलं मोठी झाली, पण आईबाप कसं व्हायचं हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. ती जखम पुढच्या पिढ्यांत उतरली. त्यामुळे त्यांच्या नातवंडांच्या व्यसनावर एकेका तरुणाला गाठून केलेला उपचार अपुरा पडतो. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातलं अल्कली लेक हे आदिवासी गाव जवळजवळ सगळंच दारूत बुडालं होतं. १९७२ मध्ये तिथल्या फिलिस चेल्सी यांनी दारू सोडली, पाठोपाठ पती अँडी यांनी. पुढे गावाचे प्रमुख झाल्यावर अँडींनी चोरटी दारूविक्री बंद पाडली. सरकारी मदत रोख न देता किराण्याच्या चिठ्ठ्यांनी देणं सुरू झालं. जाचकच उपाय, पण तो घरच्यांनी केलेला. मग वाफेच्या झोपडीतले शुद्धिविधी, ढोल परतले.

संशोधक चँडलर आणि लालोंड यांना १९९८ मध्ये याच प्रांतात दिसलं, की स्वशासन, शाळा, आरोग्यसेवा, सांस्कृतिक केंद्रं ज्या आदिवासी समूहांच्या हाती होती, तिथे तरुणांच्या आत्महत्या फार कमी होत्या. मुळात सावरलेल्या समूहांनीच हे मिळवलं असेल, ही शंका रास्त आहे. असा अभ्यास कार्यकारण सिद्ध करत नाही. पण एकाच प्रांतात इतका फरक असेल, तर दोष ‘आदिवासी स्वभावा’चा कसा? ढोलाने अफूजन्य नशेची ओढ थांबत नाही, हेही खरंच. अल्कली लेकनेही माणसं उपचारकेंद्रात धाडली होती. परतल्यावर त्यांना सांभाळायला गाव होतं.